पांडूच्या हातची भवानी

आपलेच पैसे काढायचे तर आधी अठरा टक्के कर भरा, असं फोनवर उमटलं तेव्हा यशवंत रुकडीकर बँकेत संगीता मॅडमच्या टेबलासमोर बसला होता आणि त्याच्या हातात सहा लाखांच्या ठेवीची पावती होती. ठेव मोडायलाच तो आला होता. मोडून आत्ता द्या, दुपारच्या आत पुढं पाठवायचेत, असं त्यानं जरा गुर्मीतच सांगितलं होतं. लवकरच पैसेवाला होणाऱ्या माणसाच्या आवाजाला आपोआप वजन येतं. पण ही बाई हलेना. कलघटगीकडची, तिशीची, बोलायला मऊ आणि वागायला चिवट. "कुणाला पाठवायचे, काका?" "शेअरवाल्या कंपनीला." "मग खात्यावर नाव चपलांच्या दुकानाचं कसं? आणि मागच्या महिन्यात पन्नास हजार पाठवलात ते कुठल्या भाजीच्या एजंटाला गेलेत." मोठ्या कंपन्यांची अशी दहा खाती असतात, असं यशवंतनं ठासून सांगितलं. त्याला ते फोनवरच्या शेअरच्या ग्रुपमधल्या सरांनी सांगितलं होतं. त्या सरांना भेटलायत का? नाही. बँकेत खरं कारण सांगू नका, घर बांधायला म्हणा, असं ते म्हणाले का? तसंच म्हणाले होते. "मग असं करा," मॅडम म्हणाल्या, "माझ्यासमोर सगळे काढून बघा. तुमचेच आहेत की." त्यानं ऐटीत बोट दाबलं. पन्नास हजारांचे तीन लाख चाळीस हजार झालेले फोनवर हिरव्या आकड्यांत दिसत होते. बोट दाबल्यावर ते अठरा टक्के आले. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. "कर कापून घेतात, काका," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "आधी भरा मग देतो, असं कुणी म्हणत नाही. हे आकडे नुसते चित्रातले आहेत. तुम्ही आत्ता हे सहा लाख पाठवले असते तर तेही चित्रातच गेले असते."

मग त्यांनी स्वतःच सायबर पोलिसांच्या एक-नऊ-तीन-शून्यला फोन लावून दिला, तक्रार लिहून घेतली, ठेवीची पावती घडी घालून त्याच्या खिशात ठेवायला लावली, आणि शेवटी घड्याळाकडं बघून विचारलं, "अकरा वाजलेत. तुमच्या ओळखीचं आणखी कुणी आहे का ह्यात? असलं तर इथूनच फोन लावा. पैसे गेले की पहिले दोन-तीन तासच काय ते हातात असतात." यशवंतनं मान हलवली. नाही, असं म्हणायला त्याला जराही वेळ लागला नाही. पायऱ्या उतरून तो दुर्गदबैल बाजाराच्या गर्दीत शिरला. एका हातगाडीचं चाक त्याच्या पायावरून जाता जाता राहिलं आणि गाडीवाल्यानं कन्नडमध्ये त्याचा उद्धार केला, तरी त्याला काही वाटलं नाही. पंचेचाळीस हजार बुडाले होते. साठी ओलांडलेल्या कापडवाल्याला पंचेचाळीस हजार म्हणजे थोडे नव्हेत. पण छातीत जे हललं होतं ते ह्या पैशांसाठी नव्हतं. तो चालता चालता थांबला आणि त्याला ते नीट कळलं. पांडूचे सत्तावीस लाख खोटे होते. सगळेच्या सगळे खोटे. आणि हे कळल्याबरोबर मनात ज्या उकळ्या फुटल्या, त्यांना आनंदाशिवाय दुसरं नाव देता येत नव्हतं. त्यानं देण्याचा प्रयत्नही केला नाही.

पांडू म्हणजे पांडुरंग, त्याचा पाच वर्षांनी धाकटा सख्खा भाऊ. वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, कापडाचं दुकान एकच होतं. चार वर्षांपूर्वी वाटणी झाली आणि मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. अर्धं ह्याचं, अर्धं त्याचं. कुठलं अर्धं कुणाचं यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, तर कोपऱ्याची, दोन्हीकडून गिऱ्हाईक येणारी बाजू पांडूला लागली. चिठ्ठीसुद्धा त्याच्याच बाजूची. भिंत घालताना मिस्त्रीनं जाड प्लाय घेऊ या म्हटलं होतं, पण दोघा भावांनी पैसे वाचवले आणि पातळ घेतलं. त्या बचतीनं यशवंतचा जन्म खाल्ला. पलीकडचं सगळं ऐकू यायचं. कात्रीनं अस्तराला जरा चीर देऊन पांडू कापड टर्रकन फाडायचा, आणि त्या आवाजाच्या लांबीवरून यशवंतला कळायचं की अस्तर एक मीटर गेलं की दोन, की पोरीबाळींच्या परकराचं कापड एकदम सहा मीटर गेलं. तो मोजायचा. मोजायचं नाही असं ठरवून मोजायचा. स्वतःच्या दुकानात गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना त्याचा कान पलीकडं असायचा. बाई विचारायची, अण्णा, खणाचं काय केलं? आणि हा म्हणायचा, हां हां, सात. कसले सात हे त्यालाच ठाऊक. घरी गोदावरी, त्याची बायको, म्हणायची, "ऐकायला कमी येतंय की काय तुम्हांला? डॉक्टरला दाखवा." ऐकायला कमी येत नव्हतं. नको तेवढं येत होतं.

पण वाटणीच्या आधीपासूनचंच होतं ते. खरं सांगायचं तर पांडू आठ वर्षांचा होता तेव्हापासूनचं. एका सकाळी अप्पांनी गंमत म्हणून त्याला गल्ल्यावर बसवलं आणि पहिली विक्री, भवानी, त्याच्या हातून झाली. कुणीतरी अळणावरचं पाटील घराणं लग्नाचा सगळा बस्ता बांधून गेलं. झालं. पांडूच्या हाताला भवानी लागते, हे वाक्य त्या दिवशी घरात आलं आणि पुन्हा गेलं नाही. पुढं रोज सकाळी फळ्या काढायच्या यशवंतनं, झाडायचं त्यानं, ताके पुसायचे त्यानं, उदबत्ती लावायची त्यानं, आणि शाळेला जाता जाता पांडूनं येऊन पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातून नोट घ्यायची. पांडूला उशीर झाला तर अप्पा गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवून ठेवायचे, पण यशवंतला घेऊ द्यायचे नाहीत. एकदा त्यानं घेतलीच. दहाची नोट होती. अप्पा ओरडले नाहीत, मारलं नाही. त्यांनी ती नोट त्याच्या हातातून काढून गिऱ्हाइकाला परत दिली आणि म्हणाले, "थोडं थांबा, धाकटा यायलाच लागलाय." ते गिऱ्हाईक यशवंतकडं बघून हसलं. तेरा-चौदा वर्षांचा होता तो. आज त्या माणसाचा चेहरा आठवत नव्हता, पण हसताना त्याचा पानानं रंगलेला एक दात दिसला होता तो आठवत होता. हुशारी, रूप, बायको, हे सगळं माणूस कसंबसं गिळतो. पण हाताचंच चांगलं म्हटल्यावर काय करायचं? हात काही शिकून येत नाही.

चार महिन्यांपूर्वी केलगेरीला पांडूच्या नव्या घरी सत्यनारायण होता. तळ्याकडं तोंड केलेलं घर, गच्चीवर वारा, आणि पांडूची बायको सुशीला सगळ्यांना गच्ची दाखवत फिरत होती. प्रसादाचे द्रोण रिकामे झाल्यावर पांडूनं फोन काढला आणि पाहुण्यांना आकडे दाखवले. चार लाख घातले होते, अठरा झालेत. "पहिल्याच आठवड्यात पाच हजार खात्यावर आले बघा," तो म्हणाला. "भवानी झाली म्हटलं." सगळे हसले. यशवंतही हसला, आणि त्या हसण्यात त्यानं फोनवरचं ग्रुपचं नाव वाचून घेतलं. घरी जाताना रिक्षात तो ते मनाशी घोकत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं नुसतं आद्याक्षरांचं, वाय. जी. असं नाव लावून तोच ग्रुप गाठला. पांडू तिथं होताच; रोज सकाळी हात जोडल्याचं चित्र टाकायचा आणि अठराचे वाढत वाढत सत्तावीस कसे झाले तेही सांगायचा. ह्याच्या वाय. जी.चं त्यानं एकदा स्वागत केलं होतं, कोण आहे ते न कळता. तीन महिने नुसतं बघून मागच्या महिन्यात यशवंतनं पन्नास हजार घातले. सहाव्या दिवशी बँकेतून निरोप वाजला, पाच हजार जमा. दुकानात कुणी नव्हतं. त्यानं फोन दोन्ही हातांनी उचलला आणि पहिल्या विक्रीची नोट लावतात तसा डोळ्यांना लावला. त्याला रडूच आलं, लाज वाटावी इतकं. एकसष्टाव्या वर्षी त्याच्या हाताला भवानी लागली होती.

आणि भवानीच्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचं नसतं. हा अप्पांचा नेम, बाजाराचाच नेम म्हणा. घासाघीस करून गिऱ्हाईक अडून बसलं तर खरेदीच्या भावात द्या, दोन रुपये तोट्यात द्या, पण सकाळच्या पहिल्या माणसाला नाही म्हणू नका, दिवस रुसतो. त्यामुळं ग्रुपवरच्या सरांनी आणखी मागितले तेव्हा नाही म्हणणं यशवंतच्या जिभेवर येईना. ज्यानं भवानी केली त्याला नाही कसं म्हणायचं? आज बँकेत त्यानं हे संगीता मॅडमला सांगून बघितलं होतं. त्या हसल्या नाहीत. "ही भवानी नव्हे, काका, गळाला लावलेलं गांडूळ आहे," म्हणाल्या. "पाच द्यायचे आणि पाच लाख न्यायचे. दुर्गदबैलातली तुम्ही ह्या महिन्यातली तिसरी पार्टी, आणि तिघांनी मला हाच शब्द सांगितला." म्हणजे चोरानं बाजाराची नस बरोबर ओळखली होती, की बाजारानं आपणहून ती त्याच्या हातात दिली होती, कोण जाणे.

तो दुकानात येऊन बसला. पलीकडं पांडू मांजरपाट फाडत होता. टर्र. तीन मीटर. मोज, यशवंत स्वतःशी म्हणाला, मोज बाबा, आता किती दिवस मोजायचंय. फोनवर ग्रुप उघडला तर पांडूचा सत्कारच चालला होता. पांडुरंगजी आज अकरा लाखांचे मोठे भागीदार होत आहेत, टाळ्या, हार, नारळ, सगळी चित्रं. अकरा म्हणजे कलघटगी रस्त्यावरची जागा विकून आलेले, हे त्याला ठाऊक होतं. त्या जागेवरूनही त्याचा एकेकाळी जळफळाट झाला होता. आता फक्त उठायचं, दोन पायऱ्या उतरायच्या, वळायचं आणि पलीकडच्या दोन पायऱ्या चढायच्या. चार वर्षांत तो त्या पायऱ्या चढला नव्हता. फोन केला तरी चालला असता. प्लायवर बोटं वाजवून ओरडलं असतं तरी चाललं असतं. पण काय सांगायचं? तुला कसं कळलं, असं पांडूनं विचारलं तर? तर फोन दाखवावा लागला असता, आणि फोनवर वाय. जी. होता. तू करतोस म्हणून मी केलं, तुझ्या घरी प्रसाद खाता खाता तुझ्या फोनातून चोरलं, तुझी भवानी मला हवी होती, हे सगळं त्या दोन अक्षरांत लिहिलेलं होतं. एकसष्ट वर्षं झाकून ठेवलेलं अंग भर बाजारात उघडं करायचं. त्यापेक्षा पांडू आपलं आपण बघून घेईल. हुशार आहे. मॅट्रिकला पहिला आला होता. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, हे अप्पांनी त्याला कधी शिकवलं नाही, आता शिकू दे. ही आपली कारणं आहेत, हे यशवंतला कळत होतं, आणि त्यांच्या मागं दुसरंच काही बसलं आहे हेही कळत होतं. ते म्हणत होतं, एकदा, फक्त एकदा, पांडूचा हात बुडताना बघू दे.

अडीचला पलीकडून फोनवरचं बोलणं आलं. पांडू फोनवर मोठ्यानं बोलायचा. "हां सर, हौदरी, आत्ताच पाठवायलोय. नाही नाही, बँकेत कशाला जातोय, तुम्ही सांगितल्यासारखं फोनवरूनच करायलोय. हां, गेले. अकरा पूर्ण." यशवंत ताक्यावर हात ठेवून ऐकत होता. त्याला फोनवरून ठेव मोडता येत नव्हती म्हणून तो बँकेत गेला आणि वाचला. पांडूला सगळं येत होतं. गेले, ह्या शब्दाची चव त्यानं जिभेवर घेतली. वाट बघितली. सकाळी रस्त्यात ज्या उकळ्या फुटल्या होत्या त्या आता खरं म्हणजे दुप्पट फुटायला हव्या होत्या. फुटेनात. पलीकडं कात्रीचा आवाज नाही, टर्र नाही, काही नाही. पांडू बहुधा खुर्चीत बसून हिरवे आकडे बघत असावा, आणि त्याच्या तोंडावर जे सुख असेल ते यशवंतला प्लायमधून जणू दिसत होतं, कारण आज सकाळपर्यंत ते त्याच्या स्वतःच्या तोंडावर होतं. मग सुशीलाला फोन झाला. "आणखी टाकायला उद्या घरावर कर्ज काढतो. केलगेरीचं कागदपत्र काढून ठेव. अगं दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

घर. त्या घराला त्यानं मनातल्या मनात किती वेळा आग लावली असेल याला गणती नव्हती. तळ्यात बुडवलं होतं, भूकंपानं पाडलं होतं. आता ते खरोखरच जायला निघालं होतं. त्याला पांडूचं दुकान बंद झालेलं दिसलं. फळ्या लावलेल्या, वर भाड्याने देणे आहे अशी पाटी, आणि प्लायच्या पलीकडं सगळं मुकं. आपण इकडं बसलोय आणि कान पलीकडं. कुणाचं मोजायचं? कुणावर जळायचं? जन्मभर ज्याला पाण्यात पाहिलं तोच बुडाला तर पाण्यात बघून काय दिसणार? हे प्रेम होतं, असं त्यानं स्वतःला सांगून बघितलं, पण तेवढी खोटी विक्री त्याला जमली नाही. काय असेल ते असो, सव्वातीनला तो उठला, दोन पायऱ्या उतरला आणि दोन चढला.

पांडूनं मान वर केली आणि त्याच्या तोंडावर आधी भीतीच आली. घरात कुणी गेलंय की काय, अशी. "काय झालं, अण्णा? वैनी बऱ्या आहेत नव्हं?" यशवंत उभाच राहिला. "ते शेअरचं खोटं आहे, पांडू. घरावर काढू नकोस." पांडूचे ओठ बारीक झाले. "भिंतीला कान लावून बसतोस व्हय तू?" "लावावा लागत नाही." "तुला बघवत नाही, अण्णा. अप्पांच्या वेळेपासून बघवत नाही. घर घेतलं तेव्हा तू वास्तुशांतीला आला नाहीस, मागाहून सत्यनारायणाला तेवढा आलास. आता चार पैसे व्हायला लागले तर आलास इथं खोटं म्हणून सांगायला." "नाही बघवत," यशवंत म्हणाला. त्याला वाटलं होतं हे बोलताना जीभ जड होईल, पण शब्द सरळ बाहेर आले. "खरंच बघवत नाही. म्हणूनच मीही घातले." आणि त्यानं फोन गल्ल्यावर ठेवला. पांडूनं वाचलं. वाय. जी. वाचल्यावर त्यानं एकदा वर बघितलं, हसणार की काय असं वाटलं, पण हसला नाही. "तुझे काढून बघ," यशवंत म्हणाला. "आत्ता. माझ्यासमोर." पांडूनं नाइलाजानं बोट दाबलं. सहा लाख चौऱ्याऐंशी हजार कर आधी भरा, असं आलं. त्यानं पुन्हा दाबलं. सकाळी ह्यानंही पुन्हा दाबलं होतं. पांडूचा तो हात, ज्याला जन्मभर भवानी लागली, गल्ल्याच्या काचेवर ठेवलेला होता, आणि त्याची बोटं वाजत होती, काचेवर, बारीक. हेच बघायचं होतं ना तुला, यशवंतनं स्वतःला विचारलं. बघ आता. त्याला बघवलं नाही.

फळ्या न लावताच ते निघाले. बँकेचं दार बंद व्हायला दहा-पंधरा मिनिटं होती. संगीता मॅडमनी पांडूला बसवलं, पाणी दिलं, तो सांगत असतानाच फोन लावला, आकडे आणि खाती भराभर लिहून घेतली. "किती वाजता गेले?" "अडीच." "तास झाला. बघू, पुढच्या खात्यात अडकले तर अडकले. काही मिळतील, काही नाहीत, खोटं बोलत नाही मी तुमच्याशी." मग पडद्यावरची नजर न काढता त्या यशवंतला म्हणाल्या, "बरं केलंत यांना घेऊन आलात. पण काका, मी सकाळी अकरालाच म्हटलं होतं नव्हं, ओळखीत कुणी असलं तर इथूनच फोन लावा म्हणून? तेव्हाच लावायचा होता." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या कागद घेऊन आत गेल्या आणि दोघे भाऊ बाकावर बसून राहिले, शेजारी शेजारी, मधे काही नाही. शिपाई एकेक दिवा मालवत होता. यशवंत मनाशी जुळवत होता: म्हणायचं, गिऱ्हाईक होतं, म्हणायचं, मला स्वतःलाच खात्री नव्हती, म्हणायचं, तू विश्वास ठेवला नसतास. पांडूनं त्यातलं काहीच विचारलं नाही. अकरा आणि अडीच यांच्यामधलं अंतर तो समोरच्या भिंतीकडं बघत मोजत असावा.

"अण्णा," तो म्हणाला, "दीडला तू डबा उघडलास."

यशवंतनं त्याच्याकडं बघितलं. प्लायमधून पलीकडचं इकडं येतं तसं इकडचंही पलीकडं जात असणार, हे चार वर्षांत त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"झाकणाचा आवाज आला मला," पांडू म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, घरात विचारतात तसा. "जेवलास?"

जेवला होता. वांग्याची भाजी होती, शेंगदाण्याची चटणी होती, दोन भाकऱ्या होत्या, त्यानं डबा पुसून खाल्ला होता, आणि कित्येक महिन्यांनी त्याला अन्नाला चव लागली होती.

"जेवलो," तो म्हणाला.